मांडवा ते रत्नागिरी सायकलवर, मधल्या खाड्या फेरीबोटीने. सायकल कशी नेता?

डोंबिवलीचा_पॅडलर

नमस्कार मंडळी. डिसेंबरात दत्तजयंतीच्या दिवशी निघायचं म्हणतोय, मी आणि माझा आतेभाऊ. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणारी मोठी बोट) मांडवा, मग अलिबाग, रेवदंडा, काशीद करत मुरूडला मुक्काम, दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून आगरदांड्याहून दिघीला जाणारी पहिली बोट आणि दिवेआगर-श्रीवर्धन, त्यापुढे बागमांडला-वेश्वी करून केळशी नाहीतर आंजर्ले, मग दाभोळ-धोपावे करून गुहागर, आणि तवसाळ-जयगड करून गणपतीपुळे. पुढे आरे-वारेवरून रत्नागिरी आणि तिथून रेल्वेने घरी.

रस्त्यांबद्दल बरंच वाचलंय, पण फेरीबोटींबद्दल सगळं कारवाल्यांनीच लिहिलेलं सापडतं. सायकलवाल्यांनी नक्की काय करायचं असतं? माझ्या हायब्रिड सायकलला मागे दोन पॅनियर (कॅरिअरच्या बाजूच्या पिशव्या) आणि वर तंबू आहे, स्टँड नाही. भावाची रोड बाईक, टायर एकदम पातळ. सामान उतरवून चढवायचं का सायकल तशीच ढकलत न्यायची, आत बांधायला काही असतं का, भरती-ओहोटीने बोट बंद वगैरे पडते का, सगळंच सांगा. शिवाय भावाचं म्हणणं असं की बोटीत बसलं की टूर कसली, ती चीटिंग झाली, सगळ्या खाड्या वळसा घालून सायकलनेच पार करायच्या. त्याला काय सांगू तेही सांगा :)

चेनला_तेल

सायकल घेतात हो, बिनधास्त जा. या फेरीबोटीला तिकडे बऱ्याच ठिकाणी जंगलजेटी म्हणतात, तसंच विचारा म्हणजे कोणीही रस्ता दाखवेल. सायकलचं तिकीट मोटारसायकलपेक्षा बरंच कमी असतं, माणसाचं निराळं. सुटे पैसे ठेवा, खिडकीशी नेटवर्क येईल तेव्हा येईल.

चढायचं कसं ते नीट वाच, कारण मजा इथेच असते. बोट धक्क्याला लागते म्हणजे पुढची मोठी लोखंडी फळी साखळ्यांवर खाली येऊन सिमेंटच्या उतारावर टेकते, आणि तिची कड नि उतार यांच्यात एक बोटभर ते वीतभर फट किंवा पायरी राहते, शिवाय ती फळी लाटेबरोबर थोडी हलत असते. आधी उतरणारे उतरतात, मग गाड्या चढवतात, कधीकधी रिव्हर्समध्ये, आणि त्या वेळी सगळे ड्रायव्हर फक्त आरशात बघत असतात. सायकलवाला आरशात दिसत नाही. त्यामुळे खलाशी हात करेपर्यंत बाजूला उभं राहायचं, बसून चालवत चढायचं नाही, उतरून ढकलायची, आणि फट सरळ ओलांडायची, तिरकी घातलीत तर भावाचं पातळ चाक त्यात जाणार. क्लीटवाले (पॅडलला अडकणारे) बूट असतील तर आधी चप्पल घाला, ते लोखंडी डेक डिझेल नि पाण्याने इतकं गुळगुळीत झालेलं असतं की रिकाम्या हातांनी चालतानाही पाय घसरतो.

सामान उतरवायची गरज नाही, फक्त तंबू घट्ट बांध. आत गेलास की कडेच्या रेलिंगला सायकल टेकव, पुढचा ब्रेक रबरबँडने किंवा वेल्क्रोने आवळून ठेव (हँडलला कायम एक पट्टी अडकवलेली असू दे, घाटातही उपयोगी पडते) आणि एक बंजी कॉर्ड सीटखालून रेलिंगला. डिरेलर (मागचा गियर बदलणारा भाग) आतल्या बाजूला येईल अशी लाव, म्हणजे कोणाची बुलेट मागे आली तर धक्का पॅडलला लागेल, गियरला नाही. दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास, सायकलपाशीच थांब, सेल्फीसाठी वर जाऊ नको, निदान पहिल्या बोटीत तरी.

खाडीपल्याड

अहो डोंबिवलीकर, मी गुहागर तालुक्यातलाच, तेव्हा भरती-सुकतीचं (सुकती म्हणजे ओहोटी) मी सांगतो. बोट सुकतीला बंदच पडते असं नाही, पण पाणी फार खाली गेलं की उशीर होतो, आणि मुख्य म्हणजे धक्क्याचा जो खालचा उतार एरवी पाण्यात असतो तो उघडा पडतो, त्याच्यावर शेवाळ आणि चिखल. गाडीचं काही नाही, सायकल ढकलणारा माणूस मात्र सरळ खाडीत.

आमच्याकडचा हिशोब सोपा आहे, ॲप नको काही नको, कालनिर्णय पुरे. तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, येईल ती भरतीची वेळ, सकाळची नि रात्रीची दोन्ही. सुकती त्याच्या सहा-सव्वासहा तास पुढेमागे. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी वद्य प्रतिपदा, पाऊण, म्हणजे पाऊण वाजता भरती आणि सकाळी साडेसहा-सातला पाणी तळाला. त्यात पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, म्हणजे भरतीही मोठी नि सुकतीही खोल. तेव्हा आगरदांड्याला पहाटेची पहिली बोट पकडायचा बेत असेल तर तो सोडा. मुरूडला पोटभर नाश्ता करून नऊ-साडेनऊला धक्क्यावर या, पाणी चढतं असेल, त्रास नाही. हा ढोबळ हिशोब आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा. पुढे रोज पाऊण तासाने वेळ सरकत जाते, दाभोळला तुम्ही तृतीयेला येणार, तेव्हा सव्वादोनची भरती, दुपारी आलात तर बोट धक्क्याला अशी मस्त लागेल की फळी जवळजवळ सपाट.

आणि एक महत्त्वाचं. तुमचा प्लॅन मी तिथीने मोजला, तवसाळ-जयगड तुम्ही करताय वद्य चतुर्थीला. म्हणजे संकष्टी! त्या दिवशी पुळ्याला जाणाऱ्या गाड्यांची तवसाळला रांग लागते आणि पुळ्यात खोली मिळता मिळत नाही, त्यातून मंगळवार आला तर अंगारकी, मग बोलायलाच नको. एकतर गुहागरला एक दिवस जास्त राहा (हेदवीचा दशभुज गणपती आणि बामणघळ बघा, वेळणेश्वरला पोहा), नाहीतर आजच खोली बुक करा. सायकलला रांग नसते हे खरं, कोपऱ्यात घुसवतात, पण रात्री झोपायचं कुठे?

सडा_चढते

वरच्या दोघांनी बोटीचं सगळं सांगितलंच आहे, पण बोटीतून उतरल्यावरचं कोणी बोललं नाही. बहुतेक खाड्यांचा हिशोब सारखाच, अलीकडे सड्यावरून (जांभ्याच्या पठारावरून) झपकन उतार, ब्रेक तापेपर्यंत, आणि पलीकडे धक्क्यापासूनच चढ सुरू. धोपाव्याला उतरलात की, जयगडला तर विचारूच नका. बोटीत पंधरा मिनिटं बसून पाय गार पडलेले असतात आणि मागून सगळ्या कारा एकदम सुटतात. म्हणून मी उतरल्यावर निघतच नाही, धक्क्यावरच्या टपरीत कोकम सरबत नाहीतर चहा, सगळ्या गाड्या वर जाऊ द्यायच्या, मग रिकामा रस्ता तुमचा, पुढची बोट लागेपर्यंत साधारण पाऊण-एक तास कोणी मागून येत नाही. कोकण किनाऱ्यावर यापेक्षा शांत चढ मिळणार नाहीत. जांभ्याचा सडा, वाळलेलं गवत, मध्येच खाली खाडी चमकते, बस.

आतेभावाला विचार, चीटिंग टाळायला दाभोळच्या खाडीला वळसा म्हणजे खेड-चिपळूण करून शंभराच्या वर किमी, त्यातला खेड ते चिपळूण पट्टा मुंबई-गोवा हायवेवर कंटेनरच्या शेजारून, ते त्याला चालणार आहे का? बाणकोटसाठी आंबेतच्या पुलावरून मंडणगड, म्हणजे वेळासची किनारपट्टी गेलीच. आणि कोकणात बंदरं पहिल्यापासून, दाभोळ तर मोठं बंदर होतं, गलबतं येजा करायची, इथे माणूस पाण्यानेच फिरत आला. हायवेने गेलं म्हणजे खरी टूर नि बोटीतून गेलं की खोटी, हे कुठलं शास्त्र?

पण अगदीच हट्ट असेल तर एक वळसा मी मनापासून सुचवेन, शेवटचा. तवसाळला न जाता गुहागरहून आबलोली, तिथून भातगावचा पूल, पलीकडे राई, जाकादेवी, आणि पुळे. शास्त्री नदीची खाडी तिथे अरुंद होते, रहदारी जवळपास नाही, चढ मात्र पोटरीत गोळे आणतील. संकष्टीची गर्दीही बोटीवरची तरी टळेल. बाकी तिन्ही ठिकाणी बोटच.

डोंबिवलीचा_पॅडलर

अरे वा, एवढं सगळं! संकष्टीचं डोक्यातही नव्हतं, आईला विचारलं तर ती म्हणे बरंच आहे की, दर्शन होईल. आतेभाऊ भातगावचा पूल ऐकून खूश झालाय, म्हणतोय तो वळशाने जाणार, मी बोटीने, जो आधी पुळ्याला पोचेल त्याचं जेवण दुसऱ्याने द्यायचं. मी बोटीच्या वेळा बघूनच हो म्हणणार आहे. 😄

@खाडीपल्याड, या खाड्यांवर पूल होणार म्हणे, रेवस-रेडी सागरी महामार्गात. म्हणजे ही मजा आत्ताच करून घ्यायची का?

खाडीपल्याड

हो, त्या रस्त्याच्या आराखड्यात या सगळ्या खाड्यांवर पूल आहेत. तुम्हा सायकलवाल्यांना वाईट वाटतं, दर हिवाळ्यात इथे येऊन कोणीतरी म्हणतोच, पूल नको हो, बोट किती छान. छान आहे, मी नाही म्हणत नाही. २००३ मध्ये दाभोळ-धोपावे सुरू झाली त्याच्या आधी गाडी पलीकडे न्यायची म्हणजे चिपळूण गाठायचं, नाहीतर माणसाने होडीत बसायचं आणि गाडी अलीकडे ठेवायची, त्यामुळे बोटीचं कौतुक आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त. पण रात्रीची शेवटची बोट गेल्यावर घरात कोणाच्या छातीत दुखायला लागलं की समोरच्या काठावरचे दिवे दिसत असतात आणि तिकडे जाता येत नाही. पूल हवा. बोटही राहू दे, तुमच्यासारखे येतील तिला.

संध्याकाळच्या शेवटच्या बोटीवर भरवसा ठेवून मुक्काम पलीकडे ठरवू नका एवढंच. गर्दी, वारा, इंजिन, काहीही कारण होतं. वेळ आदल्या बोटीवरच्या खलाशाला विचारायची, तो पुढच्या धक्क्याचीही सांगतो.

चेनला_तेल

एक राहिलं, खारं पाणी. मांडव्याच्या रो-रोवर एवढं नाही, पण खाडीतल्या छोट्या बोटींवर वारा असला की पुढच्या फळीवरून तुषार येतात, दिसत नाहीत पण सायकलवर बसतात. मुक्कामी पोचलात की आधी अंघोळ सायकलची. बादलीभर गोडं पाणी, पाइपचा जोर नको, मग फडक्याने पुसून चेनला ल्युब. चेन, केबलची टोकं, पॅनियरचे हुक आणि स्पोकच्या निपल्स, इथे गंज आधी धरतो. होमस्टेवाल्या काकूंना विचारून घ्या, विहिरीचं पाणी आनंदाने देतात, फक्त अंगणात सारवलेलं असेल तर तिथे तेल सांडू नका.

आणि रत्नागिरी स्टेशन गावात नाही, वर कुवारबावच्या बाजूला आहे, तेव्हा किनाऱ्यावरून येताना शेवटचा चढ तिथे बाकीच आहे. सायकल लगेजमध्ये बुक करायला पार्सल ऑफिसात गाडीच्या बऱ्याच आधी जा, पॅडल काढून हँडल वळवून ठेवा, पंधराचा स्पॅनर जवळ असू द्या.