शब्दचर्चा : वाळवीची जाती, प्रजाती की जात?

प्रश्न : शाळेच्या निसर्गमंडळासाठी वाळवीवर माहितीफलक लिहिते आहे. बातम्यांत ‘वाळवीच्या प्रजाती’ असं वाचते, विश्वकोशात ‘जाती’. एका जुन्या पुस्तिकेत तर कामकरी आणि सैनिक यांनाही ‘जाती’च म्हटलंय. फलकावर काय लिहू?

उत्तर : ताई, विश्वकोशाचा क्रम धरा : गण, कुल, प्रजाती, जाती. ओडोन्टोटर्मिस ही प्रजाती, ओडोन्टोटर्मिस ओबेसस ही तिच्यातली एक जाती. वर्तमानपत्रं दोन्हींना सरसकट प्रजाती म्हणतात, तिथेच घोळ होतो.

वाळवीत हा फरक फार महत्त्वाचा, कारण प्रजाती सांगता येते, जाती सांगताना घाम फुटतो. सैनिकाचं डोकं भिंगाखाली धरा. डाव्या जबड्यावर एक ठसठशीत दात आणि उजवा जवळपास साफ दिसला, तर ती बहुधा ओडोन्टोटर्मिस. पण तिची जाती कोणती, ओबेसस की रेडेमॅनी? मग दात जबड्याच्या टोकापासून किती दूर, डोकं किती रुंद, जबडा किती लांब, हे सगळं मोजत बसायचं. एकाच वारुळातले सैनिकही थोडे लहानमोठे असतात, त्यामुळे दोन जातींची मापं एकमेकांत घुसतात. म्हणून हल्ली मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या भागाचा डीएनएही तपासतात. नुसते कामकरी हाती आले तर बाह्यरूपावरून जाती ठरवणं फार अवघड; सैनिक नाहीतर पंखवाले नर-मादी हवेतच.

आणखी एक उत्तर : कामकरी-सैनिकांना ‘जाती’ मुळीच लिहू नका, ‘श्रेणी’ लिहा. एकाच राणीची पिल्लं वेगवेगळ्या जातींची कशी असतील? मॅक्रोटर्मिसमध्ये मोठा सैनिक आणि छोटा सैनिक असे दोन असतात. शेजारी ठेवले तर कुणीही दोन जाती म्हणेल, पण जाती एकच. आणि याच्या बरोबर उलटही घडतं. ओडोन्टोटर्मिसच्या वारुळात मायक्रोटर्मिस ही इवलीशी वाळवीही राहते. तिचे बारके सैनिक पाहून ‘छोटी श्रेणी’ म्हणाल तर फसाल, ती प्रजातीच वेगळी.

प्रश्न : आणि उधई? आमच्या विदर्भातल्या मावशी वाळवीला उधईच म्हणतात.

उत्तर : उधई म्हणजे वाळवीच, त्यावरून जाती ठरत नाही. फलकावर दोन्ही शब्द द्या, मुलं घरी जाऊन विचारतील. ‘पांढरी मुंगी’ मात्र टाळा. मुंगीची कंबर बारीक आणि मिशा कोपरात वाकलेल्या. वाळवीची कंबर जाड, मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ. तिचं नातं झुरळांशी. 2007 मध्ये डीएनएच्या अभ्यासावरून तिला झुरळांच्याच गणात घालावं असं मांडलं गेलं, तोवर तिचा गण वेगळा मानत.

गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात. पावसाळ्यात रोयणीवर उगवणारी अळमी (खायची अळंबी) हीसुद्धा ओडोन्टोटर्मिससारख्या वाळव्यांचीच शेती. त्या आत बुरशी पोसतात, तीच वर छत्री होऊन येते. फलकावर एवढं नक्की घ्या, मुलांना ती अळमी ताटात ओळखीची असेल.

प्रश्न : मग असं लिहिते : ‘हे वारूळ मुंग्यांचं नाही, वाळवीचं (उधईचं) आहे. प्रजाती : ओडोन्टोटर्मिस. श्रेणी : राजा, राणी, कामकरी, सैनिक.’

उत्तर : उत्तम. जातीची ओळ रिकामी ठेवा. सैनिकांची मापं घेऊन जाणकाराने नाव दिलं की मगच भरा.