सी विंगच्या झिणझिण्या

सी-६०४: कुणाला फ्रिजला हात लावला की मुंग्या येतायत का? तीन दिवस झाले, बरोब्बर सकाळी साडेसहा ते सात, नंतर काही नाही

सी-५०२: हो हो!! मला वाटलं आमचाच फ्रिज गेला. आज ओल्या पायाने हात लावला तर चांगलाच झटका. आणि आमच्याकडे आरसीसीबी आहे ३० मिलीअँपचा, करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, तो का नाही पडला?

सेक्रेटरी: अर्थिंग गेलं असणार. नवीन खड्डा मारून घेऊ, कोळसा मीठ टाकून. कोटेशन मागवतो

बी-१०१: 🙏 शुभ सकाळ 🌺

ए-२०१: सेक्रेटरीसाहेब घाई नको. सी विंगमधे कुणी एवढ्यात वायरिंगचं काम केलंय का?

सी-७०३: काका आम्ही गिझर बदलला. पॉइंटला अर्थिंग नीट येत नव्हतं म्हणून इलेक्ट्रिशियनने सॉकेटमधेच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला लूप मारून दिला, म्हणाला शेवटी दोन्ही एकच असतं. मग आरसीसीबी सारखा पडायला लागला तर तो बायपास केला

ए-२०१: अरे देवा. मी येतो टेस्टर घेऊन

(दुपारी)

ए-२०१: सापडलं. मीटर रूममधे ७०३ चा न्यूट्रल लगमधून (वायरचं टोक धरणारा तुकडा) निसटलाय. एरवी त्यांच्या घरात अंधार झाला असता आणि लगेच कळलं असतं, पण लूप असल्यामुळे करंट अर्थच्या वायरने परत जात राहिला, दिवे पंखे सगळं चालू. सकाळी २००० वॅटचा गिझर लावला की जवळजवळ ९ अँप अर्थच्या पट्टीतून, आणि खाली पट्टीचा जॉइंट गंजलाय, त्यामुळे आख्ख्या विंगच्या अर्थवर २७ व्होल्ट चढले. तेच तुमच्या फ्रिजच्या पत्र्यावर येतंय

सी-५०२: पण आमचा आरसीसीबी?

ए-२०१: तो तुमच्या फेजने आलेला करंट आणि न्यूट्रलने परत गेलेला करंट यातला फरक बघतो. हा करंट तुमच्या फेजमधून आलाच नाही, अर्थच्या वायरने मागच्या दाराने आला. त्याला काय कळणार बिचाऱ्याला

सी-६०४: पण काका, न्यूट्रल आणि अर्थ एकच असतं हे खरंय ना?

ए-२०१: एका जागी. आपलं एचटी म्हणजे हाय टेन्शन कनेक्शन, ट्रान्सफॉर्मर सोसायटीचाच, ११ केव्हीचे ४३३ व्होल्ट तिथेच होतात. त्याच्या स्टारच्या मधल्या टोकाला, म्हणजे तिन्ही फेजची वायंडिंग जिथे एकत्र जोडतात तिथे, न्यूट्रल जन्माला येतो आणि तिथेच तो जमिनीला बांधायचा, नियमात आहे, दोन वेगवेगळ्या कनेक्शननी. तिथून पुढे न्यूट्रल वेगळा, अर्थ वेगळा, घरापर्यंत परत गाठ नाही. घरात गाठ मारली आणि न्यूट्रल तुटला की गिझरचा पत्रा लाइव्ह. यावेळी पट्टी कशीबशी धरून होती म्हणून वाचलो, तीही सुटली असती तर २३० व्होल्ट

सेक्रेटरी: मग खड्डा नको? दोन लोकांनी तर कोटेशन पाठवलं पण

ए-२०१: नुसता खड्डा काय करणार. समजा विंगचा खड्डा ५ ओहम, ट्रान्सफॉर्मरचा १. फेज बॉडीला लागून फॉल्ट झाला तर २३० भागिले ६, ३८ अँप. ३२ अँपचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) तेवढ्यावर लवकर पडतच नाही आणि बॉडी तोवर लाइव्ह. मातीच्या भरवशावर करंट परत येत नाही, विंगपासून ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपर्यंत सलग धातूची पट्टी पाहिजे. पैसे तिथे घाला, आयएस ३०४३ मधे, म्हणजे अर्थिंगच्या भारतीय स्टँडर्डमधे, सगळं दिलंय. खड्डे आहेत ते पुरे, उन्हाळ्यात पाणी तेवढं घाला, दोन वर्षं कुणी घातलेलं नाही

सी-७०३: सॉरी सगळ्यांना 🙏 लूप काढला, मेन स्विच बंद ठेवलाय

सी-५०२: ताई तुमची काय चूक, तो इलेक्ट्रिशियन नंबर सहित ब्लॉक करा. आमच्याकडे पण त्यानेच केलंय काम 😳

ए-२०१: मग तुमचे सॉकेट पण उघडून बघतो. ज्यांच्याकडे तो आला होता त्यांनी फ्लॅट नंबर टाका

सी-३०१: ३०१

सी-८०४: ८०४, किचन आणि बाथरूम दोन्ही

बी-६०२: काका तो बी विंगमधे पण येतो 😐

सेक्रेटरी: रविवारी १० ते १ सी विंगची लाइट बंद, पट्टीचा जॉइंट नवीन करणार. लिफ्ट पण बंद राहील

सी-८०४: रविवारी आमच्याकडे पाहुणे आहेत, शनिवारी नाही का होणार?