वाढलेली तहान, घटते वजन आणि एकाच अहवालातून निघालेली तीन निदाने

मार्जारमित्र (प्रश्न):
आमचा बोका बारा वर्षांचा असून त्याची नसबंदी झालेली आहे. गेल्या काही महिन्यांत त्याचे वजन ५.४ किलोवरून ४.५ किलोवर आले, भूक मात्र पूर्वीपेक्षा वाढली आहे. ताटली साफ करून तो पुन्हा मागायला येतो. पाणीही जास्त पितो, लिटर ट्रेमधील लघवीचे गोळे आकाराने मोठे झाले आहेत आणि अधूनमधून उलटी होते. रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) २.१, साखर २६० आणि एएलटी (यकृताचे एन्झाइम) १९० आले. हा एकच अहवाल पाहून एका पशुवैद्यांनी मूत्रपिंडाचा जुनाट आजार सांगितला, दुसऱ्यांनी मधुमेह सांगून लगेच इन्सुलिन सुरू करण्याचा सल्ला दिला आणि यकृतासाठी वेगळे औषधही लिहून दिले. लघवीची तपासणी अद्याप झालेली नाही. तीन आजार एकदम असू शकतात का, आणि इन्सुलिन सुरू करण्यापूर्वी आणखी कोणत्या तपासण्यांचा आग्रह धरावा?

ओसरी:
मी पशुवैद्य नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मांजरीची काही वर्षे देखभाल केली, त्या अनुभवावर लिहीत आहे. बोका किती पाणी पितो हे अंदाजाने न सांगता मोजून ठेवावे. सकाळी भांड्यात मोजून पाणी ओतावे आणि दुसऱ्या दिवशी उरलेले मोजावे. दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी जात असेल, तर ते निश्चितच प्रमाणाबाहेर आहे. ओले खाद्य खाणारे मांजर मुळात भांड्यातून कमी पिते, म्हणून खाद्य कोणते हेही नोंदवावे. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करावे. आपल्या बोक्याने शरीराचा सहावा हिस्सा गमावला आहे, तेव्हा ‘वय झाले’ म्हणून हे सोडून देण्यासारखे नाही.

लघवी जास्त होते म्हणून पाणी उचलून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. तसे कधीही करू नये. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराच्या जिवावर बेतू शकते, कारण ते औषध निष्प्रभ करण्याची त्याच्या यकृताची क्षमता फारच तोकडी असते.

पशुवैद्य, मार्जार-चिकित्सा:
तिन्ही आजार एकत्र असू शकतात, पण या अहवालावरून त्यांपैकी एकही सिद्ध होत नाही, आणि ज्याचा संशय मला सर्वाधिक वाटतो त्याची तपासणीच झालेली नाही. उतारवयातील मांजर, वाढलेली भूक आणि तरीही घटणारे वजन असे चित्र दिसले, की थायरॉइड ग्रंथीची अतिक्रियाशीलता प्रथम तपासावी लागते. तिचे कारण बहुतांश वेळा ग्रंथीतील कर्करोग नसलेली गाठ हे असते. वाढलेला एएलटीसुद्धा याच दिशेने बोट दाखवतो, कारण या आजारात यकृताची एन्झाइम्स बहुतेक मांजरांत वाढलेली आढळतात आणि थायरॉइडवर उपचार झाले की सहसा खाली येतात. त्यामुळे यकृताच्या वेगळ्या औषधाची तूर्त निकड मला दिसत नाही.

साखरेबाबत घाई नको. दवाखान्यातील भीतीमुळे मांजराची रक्तशर्करा सहज वाढते, कधीकधी ३०० च्याही पुढे जाते, आणि मधुमेह नसतानाही जाते. घरी निवांतपणे केलेल्या लघवीत साखर सापडते का, हे त्यामुळे दवाखान्यातल्या एका आकड्यापेक्षा अधिक बोलके ठरते. मागील सुमारे दोन आठवड्यांची सरासरी दाखवणारी फ्रुक्टोसामिन ही चाचणीही उपयोगी आहे. मात्र थायरॉइडच्या आजारात शरीरातील प्रथिनांची उलाढाल वाढल्यामुळे तिचा आकडा फसवा, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकतो. मधुमेह नसलेल्या मांजराला इन्सुलिन दिल्यास साखर धोकादायकरीत्या उतरून झटके येऊ शकतात, म्हणून खात्री होईपर्यंत ते सुरू करू नये.

आता मूत्रपिंड. क्रिएटिनिन १.६ ते २.८ असेल तर मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराचे टप्पे ठरवणाऱ्या आयरिस वर्गीकरणानुसार दुसरा टप्पा म्हणतात. पण हे वर्गीकरण निदान झाल्यानंतर, शरीरातील पाण्याचे प्रमाण ठीक असताना आणि आकडा स्थिर असताना लावायचे असते. लघवीची विशिष्ट घनता पाहिल्याशिवाय २.१ या आकड्याला पुरेसा अर्थ येत नाही. निरोगी मांजराची लघवी बहुधा १.०३५ पेक्षा घट्ट असते. ही घनता रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणावर मोजून घ्यावी. लघवीत बुडवायच्या चाचणीपट्टीवरील (डिपस्टिक) घनतेचा चौकोन मांजरांच्या बाबतीत विश्वासार्ह नाही. घनता व साखर यांसाठी न शोषणाऱ्या लिटरवरून घरी गोळा केलेला नमुना चालतो, परंतु जंतुसंसर्गासाठी कल्चर करायचे असेल तर नमुना मूत्राशयातून सुईनेच घ्यावा लागतो.

तेव्हा एकूण टी-४ (थायरॉइडचे संप्रेरक), संपूर्ण लघवी तपासणी, लघवीतील प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, फॉस्फरस, पोटॅशियम आणि रक्तदाब एवढ्यांचा आग्रह धरावा. रक्तदाब रक्त काढण्यापूर्वी, बोक्याला शांत खोलीत काही मिनिटे स्थिरावू देऊन मोजावा आणि एका नव्हे तर अनेक मोजण्यांची सरासरी धरावी.

मार्जारमित्र:
सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. तपासण्या झाल्या. टी-४ ८.१ आला असून प्रयोगशाळेची वरची मर्यादा ४.७ आहे. लघवीची घनता १.०२२, साखर नाही, प्रथिनांचे गुणोत्तर ०.३, फॉस्फरस ४.४, पोटॅशियम मर्यादेत, रक्तदाब सरासरी १७०. निदान थायरॉइडचे असल्याचे आमच्या पशुवैद्यांनाही मान्य आहे, पण ‘थायरॉइडवर उपचार केले तर मूत्रपिंड बिघडेल’ असे त्यांनी सांगितल्याने घरात सर्वजण धास्तावले आहेत.

पशुवैद्य, मार्जार-चिकित्सा:
लघवीत साखर नाही, तेव्हा इन्सुलिनचा विषय तूर्त मिटला. मूत्रपिंडाविषयीची भीती निराधार नाही, पण तिची मांडणी उलटी झाली आहे. थायरॉइडच्या अतिक्रियेमुळे मूत्रपिंडातून जाणारा रक्तप्रवाह वाढतो, शिवाय स्नायू झडल्याने क्रिएटिनिन कमी तयार होते; परिणामी मूत्रपिंडाची दुर्बलता झाकली जाते. उपचारानंतर क्रिएटिनिन वाढले, तर ते बहुधा आधीच असलेल्या दुर्बलतेवरचा पडदा दूर झाल्याचे लक्षण असते. उपचार टाळल्याने मूत्रपिंड वाचत नाही. उलट वाढलेला दाब आणि अतिरिक्त काम यांमुळे त्याची झीज चालूच राहते. आपल्या बोक्याचे क्रिएटिनिन थायरॉइडच्या आडूनही २.१ आहे, म्हणजे जुनाट आजार सोबत असण्याची शक्यता बरीच आहे आणि ते गृहीत धरूनच पुढे जावे.

याच कारणासाठी मेथिमाझोल किंवा कार्बिमाझोल ही थायरॉइड आटोक्यात आणणारी औषधे कमी मात्रेने सुरू करून दोन ते चार आठवड्यांनी टी-४, क्रिएटिनिन आणि रक्तपेशींची गणना पुन्हा करतात. टी-४ मर्यादेच्या खालच्या अर्ध्या भागात आणावा, पण मर्यादेखाली घसरू देऊ नये. तो फार उतरला तर मूत्रपिंडाचे खरोखरच नुकसान होते. दुष्परिणाम बहुधा पहिल्या तीन महिन्यांत दिसतात. उलट्या, भूक मंदावणे आणि चेहरा ओरबाडून रक्त निघेपर्यंत खाजवणे ही त्यांची लक्षणे. खाज दिसताच औषध थांबवून पशुवैद्यांना कळवावे.

रक्तदाब १७० असला तरी आधी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून घ्यावा. तो १६० च्या वर टिकून राहिला तर अॅम्लोडिपिन हे रक्तदाबाचे औषध सुरू करणे योग्य ठरेल आणि दृष्टिपटलाची तपासणी लगेच करून घ्यावी, कारण अशा मांजरांत दृष्टिपटल सुटून अचानक अंधत्व येऊ शकते.

दुपारझोप:
आमच्या मांजरीला हाच आजार होता. गोळी घेण्याबाबत ती अतिशय हट्टी असल्याने आम्ही कानाच्या आतील त्वचेला चोळायचे मेथिमाझोलचे जेल वापरले. हातमोजे घालूनच ते लावावे, कारण औषध आपल्याही त्वचेतून शिरते. घरात गर्भवती स्त्री असेल तर हे काम तिने करूच नये. किरणोत्सारी आयोडीनची सोय असल्यास तोही पर्याय विचारून पाहावा. एका मात्रेत बहुसंख्य मांजरे कायमची बरी होतात. मात्र तो परिणाम परतवता येत नाही, म्हणून आमच्या पशुवैद्यांनी आधी गोळ्यांवर मूत्रपिंड कसे टिकते ते पाहिले, आणि आपल्या बोक्याच्या बाबतीतही मला तोच क्रम रास्त वाटतो.

ओसरी:
एक पुरवणी. मूत्रपिंडासाठीचे कमी फॉस्फरसचे खाद्य आजच सुरू करण्याचा मोह होईल, पण स्नायू झडलेल्या आणि सतत भुकेल्या बोक्याला कमी प्रथिनांवर ठेवणे मला पटत नाही. पशुवैद्यांचे मत काय?

पशुवैद्य, मार्जार-चिकित्सा:
सहमत आहे. फॉस्फरस ४.४ म्हणजे दुसऱ्या टप्प्यातील ४.६ या मर्यादेच्या आत आहे, त्यामुळे टी-४ आटोक्यात येऊन क्रिएटिनिन स्थिर होईपर्यंत सध्याचेच, शक्यतो ओले खाद्य चालू ठेवावे; बदल नंतर काही आठवड्यांत हळूहळू करावा. औषध सुरू झाल्यावर भूक थोडी कमी होणे अपेक्षित आहे. परंतु बोक्याने चोवीस तास काहीच खाल्ले नाही, तर पुढील तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याला दाखवावे, कारण उपाशी मांजराच्या यकृतात काही दिवसांतच चरबी साठू लागते.