कवच, चिलखत की करंडा?

ओवी_कोथरूड: शाळेच्या प्रदर्शनासाठी फलक मराठीत करतेय. एकीकडे नऊपट्टी आर्माडिलो हा सस्तन प्राणी, दुसरीकडे गोड्या पाण्यातला डायाटम, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं एकपेशीय शेवाळ. विषय अंगावरचं संरक्षण. दोन्हींना मी 'कवच' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी दोन्हींखाली लाल रेघ मारली: एक हाडाचं, एक सिलिकाचं (वाळूत असतो तो पदार्थ), शब्द एकच कसा? उद्या छपाई आहे.

खडकवासला: आर्माडिलोला चिलखत म्हणा. त्या स्पॅनिश नावाचा अर्थच 'छोटा चिलखतवाला'. कातडीत हाडाच्या चकत्या, वर शिंगासारखा थर. मधले पट्टे सैल असतात म्हणून वाकता येतं.

जुनीपेठ: चिलखत फारसी. घरचं 'कवच' असताना उसनं कशाला?

खडकवासला: मग कागद, शाई, दरवाजा हेही परत करा!

तुळशीबाग: मला वेगळीच अडचण वाटते. चिलखत चढवतात, उतरवतात. आर्माडिलोचं उतरत नाही, ते त्याचं अंगच आहे. आमची आजी कासवाच्या पाठीला 'ढाल' म्हणायची.

मुळाकाठ: डायाटमला आम्हाला सरांनी 'करंडक' शिकवला. मुठा नदीतल्या दगडावरचा तपकिरी, बुळबुळीत थर आम्ही टूथब्रशने खरवडला होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर दोन झाकणं, एक दुसऱ्यात जरा आत बसलेलं, थेट कुंकवाचा करंडा! पेशी दुभंगली की प्रत्येकीला एकेक झाकण मिळतं आणि नवं झाकण ती त्याच्या आत बसेल असं घडवते. म्हणून वंशाच्या एका शाखेत पिढीगणिक आकार लहान होत जातो. हे 'कवच' म्हटल्यावर कुठे दिसतं?

ओवी_कोथरूड: काका, पटलं. पण पुण्यातली मुलं 'करंडक' म्हणजे पुरुषोत्तम करंडक, एकांकिका स्पर्धेचं बक्षीसच समजतील.

जुनीपेठ: बक्षिसाचा अर्थ नंतरचा. मूळ करंडक म्हणजे डबी. मुलांना तेच शिकवा.

तुळशीबाग: नंतरचा असो, आज बोलण्यात तोच आहे. 'करंडा' लिहा. आमच्या कोकणात आंब्याची करंडी असते, तीही त्याच घरातली ना?

मुळाकाठ: करंडी विणलेली, करंड्याला झाकण. झाकणच महत्त्वाचं आहे इथे.

जुनीपेठ: करंडीलाही झाकण असतं. मी स्वतः रत्नागिरीहून आणलीय.

ओवी_कोथरूड: 'हाडाचं कवच, काचेचा करंडा' चालेल?

मुळाकाठ: 'काचेचा' नको, ताई. काच भट्टीत होते. हा थंड पाण्यात, पेशीच्या आत घडतो. 'सिलिकाचा' लिहा.

तुळशीबाग: चौथीतल्या मुलाला सिलिका कोण सांगणार?