रताळं कुकरातच घालायचं, हे कुणी ठरवलं?

मुलुंडकरीण
काल इथे एकांनी लिहिलं की रताळ्याला कुकरात दोन शिट्ट्या द्याव्यात, सोलावं आणि खावं. भाजून वर दाणे घालणं हे हॉटेलवाल्यांचे चोचले. खाली किती जणांनी "अगदी बरोबर" म्हटलं! मला राहवत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

कुकरातलं रताळं पाणी पिऊन गिळगिळीत होतं आणि मग त्याला चव यावी म्हणून आपण वर साखर ओततो. रताळ्यात पिष्ट असतं आणि त्या पिष्टाची साखर करणारं विकरही (एन्झाइम) त्याच्यातच असतं. साधारण ६० ते ७५ अंशांवर ते जोरात काम करतं, पुढे निकामी होतं. कुकरात रताळं हा टप्पा भरकन ओलांडतं. हळूहळू तापवलं तर ते स्वतःच गोड होतं, वरची साखर लागतच नाही.

माझी पद्धत अशी. अर्धा किलो लाल सालीची रताळी चोळून धुवायची, सालासकट अंगठ्याएवढ्या जाड फोडी करायच्या. दोन चमचे शेंगदाणा तेल, मीठ, जिरेपूड. ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, आधी तापवायचा नाही. थंडच असताना ट्रे आत ठेवून १५० वर वीसेक मिनिटं, मग २०० वर कडा तांबूस होईपर्यंत, मध्ये एकदा उलटायच्या. फोडी एकमेकींना चिकटून ठेवल्या तर भाजण्याऐवजी वाफवल्या जातात. शेवटी चमचाभर तुपात थोडा गूळ विरघळवून त्यात फोडी घोळवायच्या, वर जाडसर कुटलेले दाणे, लाल तिखट, लिंबू. गूळ आणि दाणे आधी घातलेत तर करपून कडू होतात. वरणभाताशेजारी वाढून बघा आणि मग चोचले म्हणा.

गिरगावकर
ताई, कालचं मीच लिहिलं होतं आणि आजही तेच म्हणेन. आमच्या चाळीत स्वयंपाकघर म्हणजे दोन माणसं उभी राहिली की भरलं. तिथे ओटीजी कुठे ठेवू? १५०० वॅटचा ओटीजी साडेसहा अँपिअर खेचतो, आमचा प्लग ६ अँपिअरचा. शेजाऱ्यांनी हौसेने आणला, पहिल्याच दिवशी एमसीबी पडला आणि पूर्ण मजला अंधारात बसला. माझी आजी रताळ्याचे काप तुपावर परतून गूळ-वेलची घालायची. त्याच्यापुढे तुमचं लिंबू-तिखट मला नको.

मुलुंडकरीण
तुमच्या आजीने काप तुपावर भाजलेच की! कुकरात तर घातले नव्हते? मग आपलं भांडण कशावर चाललंय? ओटीजी नसेल तर लोखंडी तवा घ्या. तेलाचा हात फिरवा, फोडी एका थरात लावा, झाकण ठेवून अगदी मंद आचेवर ठेवा. झाकणावर जमलेलं पाणी दर थोड्या वेळाने पुसून काढा, नाहीतर ते परत फोडींवर पडतं. मऊ झाल्या की झाकण काढून आच वाढवा.

दादर_पश्चिम
पद्धत राहू दे. ताई, तुम्ही सोबत टाकलेला रताळ्यांचा फोटो महाशिवरात्रीचा आहे असं खाली लिहिलंय आणि ताटलीत कोथिंबीर दिसतेय. उपासाला कोथिंबीर?

अंधेरीची सून
आमच्याकडे चालते.

दादर_पश्चिम
"आमच्याकडे चालते" म्हणत म्हणत उद्या कांदाही चालेल. माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर उपासाला जिरं आणि मिरची यापलीकडे काही घातलं नाही.

अंधेरीची सून
तुमच्या सासूबाईंचा नियम आमच्या घरी कशाला? माझ्या माहेरी जिरंही चालत नाही, सासरी कोथिंबीर चालते. लग्न झाल्यावर पहिल्या आषाढीला मी जिऱ्याशिवाय खिचडी केली तर घरातले सगळे माझ्याकडे बघत राहिले. दोन्हीकडची माणसं तितक्याच श्रद्धेने उपास करतात. कोथिंबिरीवरून कुणाचा उपास मोजू नका.

पार्लेकर
एक सांगतो, राग मानू नका. रताळं, बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, या पाचही गोष्टी मूळच्या अमेरिका खंडातल्या. १४९२ च्या आधी आपल्याकडच्या उपासाच्या ताटात यातलं काहीच नव्हतं. कोथिंबीर मात्र इथे फार जुनी. जुनेपणावर ठरवायचं असेल तर कोथिंबीर राहील आणि साबुदाण्याची खिचडी जाईल.

दादर_पश्चिम
पुस्तकी माहिती देवाजवळ चालत नाही. आमच्या पिढ्यांनी जे पाळलं ते मी पाळणार. तुम्हाला पटो न पटो.

पार्लेकर
पाळा की, कोण अडवतंय? दुसऱ्याच्या ताटलीत डोकावू नका, एवढंच म्हणणं आहे.

सातारची, सध्या ठाण्यात
कोथिंबिरीवरून एवढं रण माजलंय आणि दाण्यांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही! या पदार्थाचा जीव दाण्यात आहे. मुंबईत आल्यापासून बघतेय, लोक पाकिटातलं तयार कूट आणतात. ते अनेकदा खवट असतं, नाकाशी नेलं की कळतं. खवट कूट घातलं तर रताळं कितीही निगुतीने भाजा, सगळं वाया. दाणे सालासकट कढईत मंद आचेवर भाजायचे. सालावर काळे ठिपके आले, तडतड आवाज सुरू झाला की एक दाणा फोडून बघायचा. आतून फिकट बदामी हवा. पूर्ण गार झाल्यावर चोळून पाखडायचे आणि खलबत्त्यात दोन-चार ठोके. मिक्सरमध्ये तेल सुटून गोळा होतो. आणि कृपा करून काजू-बदाम घालू नका, त्यांना भाजक्या दाण्याचा खमंगपणा येत नाही.

अंधेरीची सून
काजूला नावं ठेवू नका हं, मी मालवणची. ओले काजू घालून बघा एकदा.

सातारची, सध्या ठाण्यात
ओले काजू उसळीत उत्तम, मान्य. इथे कुरकुरीत काहीतरी हवं.

निवृत्त_बोरिवली
ज्या गोडव्याचं मुलुंडकरीणताईंनी एवढं कौतुक केलं, तीच आमच्यासारख्यांची अडचण. मला मधुमेह आहे. भाजलेल्या रताळ्याने रक्तातली साखर उकडलेल्यापेक्षा लवकर चढते. मी घरी मोजून पाहिलंय, आहारतज्ज्ञबाईंनीही तेच सांगितलं. पिष्टाची साखर आधीच होऊन बसलेली, वर तुमचा गूळ! त्यामुळे कुकराला सरसकट नावं ठेवू नका. काही घरांत तो गरजेचा आहे.

मुलुंडकरीण
काका, मधुमेह असेल तर उकडलेलं खा, तिथे माझं काही म्हणणं नाही. पण काल "भाजणं हे चोचले" असं लिहिलं होतं, "मधुमेहींनी जपावं" असं नव्हतं. ज्यांना पथ्य नाही त्यांनी चवीचं का खाऊ नये?

गिरगावकर
काल रात्री तव्यावर करून पाहिलं. झाकणाचं पाणी पुसत उभं राहणं हा कंटाळवाणा उद्योग आहे, हे आधी नोंदवतो. फोडी गोड लागल्या, कुकरातल्यापेक्षा जास्त गोड. खालची बाजू खरपूस झाली होती आणि मुलाने दाणे घालायच्या आधीच अर्ध्या संपवल्या. "चोचले" हा शब्द मागे घेतो. लिंबू-तिखट मात्र मान्य नाही, मी वेलचीच घातली.

मुलुंडकरीण
वेलची घातलीत तर ते गोडाचं पक्वान्न झालं, वरणभाताशी कसं जाईल?

गिरगावकर
गेलं. व्यवस्थित गेलं.

दादर_पश्चिम
आणि कोथिंबीर?

गिरगावकर
काल उपास नव्हता, ताई.