साताऱ्यात आधी काय वाचवायचं, गड की गाव?

शनिवारपेठी
एक स्पष्टच बोलतो, राग आला तर येऊ दे. आपल्याकडे चौकाचौकात 'राजधानी सातारा'चे फ्लेक्स असतात आणि बाहेरचा माणूस मात्र गाडी थेट कासच्या पठारावर नेतो, येताना कंदी पेढे घेतो आणि गेला. जो थोडाफार निधी, चर्चा, मोहिमा वगैरे होतात ते सगळं गावावरच्या अजिंक्यतारा किल्ल्यासाठी. माझं म्हणणं, गडाला हात नंतर लावा आधी खालचं गाव वाचवा. १२ जानेवारी १७०८ ला शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि पुढे महाराज स्वतः गडावरून खाली उतरले, शाहूनगर वसवलं, पेठा वसवल्या. अर्ध्या हिंदुस्थानचा कारभार या पेठांतून चालायचा हो! आणि आज त्या पेठेतला एकेक वाडा पडतो, पत्रे लागतात, वर्षभरात तिथे पार्किंगवाली बिल्डिंग.

किल्लेदार_सातारी
दादा, गड नसता तर खाली उतरायला महाराज कुठून आले असते? औरंगजेब स्वतः येऊन बसला होता, डिसेंबर १६९९ ते एप्रिल १७००. प्रयागजी प्रभूंनी गड लढवला, मोगलांनी सुरुंग लावले तर तटाचा भाग त्यांच्याच लोकांवर कोसळला. गड घेतल्यावर नाव ठेवलं आझमतारा. परत आपल्याकडे आला तेव्हा अजिंक्यतारा झाला. आणि राजधानी खाली गेली म्हणून गड संपला असं पण नाय, १७५० ला ताराबाईंनी शाहू महाराजांनंतर गादीवर आलेल्या रामराजाला गडावरच कोंडलं होतं. आज वर जाऊन बघा, राजवाड्याच्या जागी नुसती जोती, त्यात घाणेरी माजलीय आणि सगळ्यात उठून काय दिसतं तर टॉवर. वाडे मालकांचे आहेत, त्यांचं ते बघतील. गडाला मालक कोण?

कृष्णाकाठ
तुमचं गड-गाव चालू दे, माहुली कोणाच्या लक्षात आहे का? शहरापासून जेमतेम ४-५ किलोमीटर, कृष्णा-वेण्णेचा संगम. दिल्लीच्या कैदेतून १७१९ ला परत आलेल्या येसूबाईंची समाधी तिथे, शाहू महाराजांची तिथे, आणि महाराजांच्या खंड्या कुत्र्याची पण. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना वाचवलं असं आमच्याकडे सांगतात. मागच्या पावसाळ्यानंतर गेले होते, पूर ओसरून महिना झाला तरी दगडी कुत्र्याच्या पाठीवर वाळलेला गाळ आणि पुढच्या पायात प्लास्टिकची पिशवी अडकलेली. एक आजोबा धोतराच्या सोग्याने पुसत होते. २०२४ ला लंडनहून वाघनखं आली तेव्हा म्युझियमला रांगा लावल्या ना सगळ्यांनी, त्यातल्या कितीजणांनी पुढे माहुलीपर्यंत गाडी नेली?

शनिवारपेठी
@किल्लेदार, 'मालक बघतील' म्हणणं सोपंय. जुना राजवाडा काय कुणाच्या खासगी मालकीचा होता का? तिथल्याच हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर असं नाव रजिस्टरला चढलं, इंग्रजी पहिलीत. त्यावरून राज्यभर ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस पाळतात. वर्षातून एक दिवस हार, भाषणं, बाकी ३६४ दिवस त्या लाकडी खांबांकडे कोण बघतंय? एक राजा राहिलेली आणि एक बाबासाहेब शिकलेली वास्तू, अशी दुसरी दाखवा मला.

बघ्या
पेठेत राहणाऱ्याचं पण ऐका जरा. आमच्या वाड्यात १४ हिस्सेदार आहेत, दोघं परदेशात, एकाचा पत्ताच नाय. कौलं बदलायची म्हटली तरी सह्या गोळा करण्यात पावसाळा येतो. हेरिटेज म्हणून टाळ्या वाजवणारे लोक गळक्या खोलीत एक रात्र झोपून दाखवा, मग बोलू. बाकी यवतेश्वरच्या डोंगराकडून खापरी नळाने पेठेतल्या हौदात पाणी यायचं, ते जपायला सह्या लागत नाहीत. आमच्या बोळातल्या हौदावर आता फरशी टाकून टपरी उभी आहे.

किल्लेदार_सातारी
हौदाचं पटलं, त्यावर भांडत नाही. पण @शनिवारपेठी, चार भिंतीला शेवटचं कधी गेलेलात? रंगो बापूजी इंग्रजांनी गादीवरून काढलेल्या छत्रपती प्रतापसिंहांची बाजू मांडायला लंडनमध्ये १४ वर्षं राहिले, १८५७ च्या कटात इंग्रजांनी गेंडामाळावर १७ जणांना मारलं, या सगळ्यांचं स्मारक आहे ते. तिथे बाटल्या आम्हीच उचलतो, पेठेतलं कुणी दिसत नाय.

शनिवारपेठी
गेल्या दिवाळीत गेलो होतो. बरं ठीके, दोन वर्षं होत आली असतील.

कृष्णाकाठ
😂 मग रविवारी सातला माहुलीला या दोघंही. येताना कडक ब्रश आणा, खराट्याने तो गाळ निघत नाही आणि वायरचा ब्रश अजिबात नको, दगड खरवडतो.

किल्लेदार_सातारी
सातला नाय जमणार, आम्ही गडावर असतो. नऊला येतो.