मदत हवी आहे: योहकोह आणि हिनोदेची क्ष-किरण मालिका जोडायची कशी?

योहकोह (१९९१–२००१) आणि हिनोदे (२००६ पासून) या जपानी सौर उपग्रहांच्या प्रतिमांवरून सूर्याच्या प्रभामंडलाच्या (सर्वांत बाहेरच्या तप्त वातावरणाच्या) तेजस्वितेची सलग मालिका बांधतोय. हिनोदेच्या सीसीडीवर (कॅमेऱ्याच्या संवेदकावर) साचलेल्या मलिनतेची दुरुस्ती केली. पातळ फिल्टरमध्ये तिचा परिणाम जास्त, कारण लांब तरंगलांबी आधी शोषली जाते. मे २०१२ नंतर शिरणारा दृश्य प्रकाशही वजा केला.

अडचण दोन्ही मोहिमांमधल्या पाच वर्षांची. त्यासाठी गोज-८ ते १५ या अमेरिकी हवामान उपग्रहांच्या जुन्या नोंदींतला १–८ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचा क्ष-किरण प्रवाह, त्यातला जुना मापन-गुणक काढायला, ०.७ ने भागून घेतला, पण तो पट्टा तप्त प्लाझ्मालाच जास्त प्रतिसाद देतो. शांत सूर्याची पातळी त्यातून कशी काढायची? दोन फिल्टरमधल्या तेजस्वितेच्या गुणोत्तरावरून सगळ्या प्लाझ्माचं एकच तापमान धरणं मला पटत नाही. कुणी विभेदी उत्सर्जन-माप (कोणत्या तापमानाचा प्लाझ्मा किती, याचं वितरण) वापरलंय का?